लोकस्थिती वगळलेले प्रवासवृत्त

मराठीतून अमेरिकेची ओळख करून देणाऱ्या आरंभीच्या पुस्तकांत पंडिता रमाबाईंच्या पुस्तकाचे स्थान मोठे आहे. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाचे नाव ‘युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’. या नावातील शब्दांचा क्रम आम्हांस नेहमीच लक्षणीय वाटत आला आहे. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. ज्या देशात आपण पाहुणे म्हणून हिंडलो तेथली माणसे कशी जगतात, कोणते कायदे करतात, कोणाला वर आणतात आणि कोणाला दडपतात, हे प्रथम सांगायचे. आपण कोठे गेलो आणि काय पाहिले, हे त्यानंतर. आज हा क्रम उलटला आहे असे म्हणण्याचीही सोय नाही. क्रम उलटायला दोन्ही पदे शिल्लक असावी लागतात. लोकस्थिती गळून गेली आहे आणि प्रवासवृत्त तेवढे उरले आहे.

या उरलेल्या प्रवासवृत्ताचा सर्वांत लोकप्रिय प्रकार वाचकांच्या परिचयाचा असेल. लागून सुट्ट्या आल्या की जोडप्याने गाडी काढायची, वाटेवरच्या लहान लहान ब्रुअऱ्यांत थांबून तिथली बिअर चाखायची, गावात नाव असलेला पदार्थ खायचा, आणि दोन जेवणांच्या मध्ये एखाद्या धबधब्यापर्यंत पायपीट करून यायचे. मग या साऱ्याचे वर्णन लिहायचे. बिअरला पाचपैकी गुण, पदार्थाला छायाचित्र, धबधब्याला उंचीचा आकडा. ‘स्थानिक’ आणि ‘अस्सल’ ही दोन विशेषणे अशा लेखनात मिठासारखी सर्वत्र पेरलेली असतात. या हौसेला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. आम्ही दोघांनीही अशी सहल आवडीने केली आहे आणि पुन्हा करू. आमचे म्हणणे एवढेच की बिअर, खाणे आणि धबधबा हे तिन्ही विषय मुळात लोकस्थितीचे आहेत. त्यांतून माणसे वजा केली की ‘स्थानिक’ या शब्दाला काही अर्थच उरत नाही. हे विधान हवेत राहू नये म्हणून एकाच वाटेचे उदाहरण घेतो.

ती वाट ओरेगन राज्यातली, कोलंबिया नदीच्या घळीतली. पोर्टलंडच्या पूर्वेला ट्राउटडेल गाव सोडले की नदीच्या दक्षिण तीराने जुना महामार्ग लागतो. १९१३ साली त्याचे काम सुरू झाले आणि १९२२ साली तो पुरा झाला. सॅम्युअल लँकेस्टर या अभियंत्याने तो आखला तोच मुळी धबधबे दिसावेत अशा बेताने. केवळ पोहोचण्यासाठी ज्याला घाई आहे त्याच्यासाठी खालून नवा हमरस्ता जातोच. लॅटुरेल, ब्राइडल व्हेल, वाकीना, मल्टनोमा, हॉर्सटेल असे एकामागून एक धबधबे या जुन्या रस्त्यावर येतात. पुढे कॅस्केड लॉक्स, मग हूड रिव्हर, मग द डॅल्स. ऐंशी-नव्वद मैलांचा हा पल्ला एका दिवसातही उरकता येईल. आम्ही ऑक्टोबर महिन्यात त्याला दोन दिवस दिले.

सह्याद्रीत हिंडलेल्या मराठी माणसाला ही घळ परकी वाटत नाही, याला भूगर्भातले कारण आहे. दख्खनच्या पठारासारखाच हाही लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला बेसाल्टचा प्रदेश. आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला बहुतांश दीड-पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीचा. पृथ्वीवरील अशा महाप्रवाहांत हा सर्वांत धाकटा मानतात. हिमयुगाच्या अखेरीस मोंटानातील एका प्रचंड हिमसरोवराचा बांध वारंवार फुटला आणि त्या पुरांनी घळीच्या कडा उभ्या तासल्या. उपनद्या वरच्या वर लोंबकळत राहिल्या. तेच हे धबधबे. लॅटुरेलच्या पाठीमागे बेसाल्टचे खांब एकाला एक लागून उभे दिसतात आणि त्यांवर पिवळे दगडफूल चढलेले असते. पावसाचा हिशेबही ओळखीचा. कॅस्केड लॉक्सला वर्षाला सत्तर इंचांहून अधिक पाऊस, आणि तेथून चाळीसेक मैलांवरच्या द डॅल्सला जेमतेम चौदा-पंधरा. महाबळेश्वरहून फलटणकडे उतरणाऱ्याला जसे तासाभरात हिरवे सरून पिवळे लागते, तसेच येथेही.

आता बिअरकडे वळू. येथल्या ब्रुअरीत गेले की लाकडी फळीवर पाच-सहा लहान पेले मांडून आणतात. या नमुन्यांच्या फळीला ‘फ्लाइट’ म्हणतात. ज्याच्या हाती त्या दिवशी गाडीचे चाक असेल त्याने कॉफीवर भागवायचे, दुसऱ्या दिवशी पाळी बदलायची, असा आमचा करार होता. पेल्यांखाली चिठ्ठ्या असतात आणि त्यांवर ‘स्थानिक’ हा शब्द हमखास असतो. त्याचा पत्ता शोधू गेल्यास तो आधी विधिमंडळात सापडतो. अमेरिकेत घरी स्वतःपुरती बिअर करण्यावरील संघराज्याची बंदी उठली ती १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने. बिअर बनविणाऱ्याने ती त्याच जागी गिऱ्हाइकाला पेल्याने विकावी, अशी मुभा ओरेगनने १९८५ साली दिली. दोन वर्षांनी, १९८७ साली, हूड रिव्हरमध्ये फळे डबाबंद करणाऱ्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत ‘फुल सेल’ ही ब्रुअरी सुरू झाली. स्थानिक चव मातीतून उगवते अशी आपली समजूत असते. येथे ती कायद्याच्या कलमातून आणि रिकाम्या पडलेल्या कारखान्यातून उगवली.

मातीतून जे उगवते त्याची वंशावळही सरळ नाही. बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी हॉप्सची फुले ओरेगनात पिकतात खरी. त्यांतली ‘कॅस्केड’ नावाची प्रसिद्ध जात, जिच्या मोसंबीसारख्या वासावर अमेरिकी बिअरची नवी ओळख उभी राहिली, ती कॉरव्हॅलिस येथील सरकारी संशोधनातून निघाली आणि १९७२ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या हाती आली. तिच्या पूर्वजांत एक इंग्लिश वाण आहे आणि एक रशियन. त्या फुलांची बिअर ज्या नावाने विकली जाते ते नाव आहे ‘इंडिया पेल एल’. एकोणिसाव्या शतकात कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथल्या इंग्रजांसाठी जहाजांतून जी बिअर जात असे तिच्यावरून ते पडले. आमच्या मुलखातल्या गोऱ्या साहेबांच्या तहानेचे नाव, इंग्लिश आणि रशियन वंशाची फुले, अमेरिकी कायदा, आणि चिठ्ठीवर ‘स्थानिक’! हा शब्द खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. तो अपुरा आहे. येथे स्थानिक म्हणजे अनेक ठिकाणांहून आलेले आणि येथे रुजलेले. हे कळले की त्या पेल्याची गोडी कमी होत नाही. उलट घोट सावकाश घ्यावासा वाटतो.

शिवाय दारूच्या विरोधाचा इतिहासही याच वाटेवर आहे, आणि तो धबधब्यापाशीच भेटतो. ६२० फुटांच्या मल्टनोमा धबधब्याच्या दोन टप्प्यांमध्ये जो देखणा पूल आहे तो १९१४ सालचा, आणि त्याला नाव आहे सायमन बेन्सन याचे. नॉर्वेत जन्मलेला हा लाकूडसम्राट. मल्टनोमा आणि वाकीना या धबधब्यांची जमीन त्यानेच लोकांसाठी देऊन टाकली. याच बेन्सनने १९१२ साली पोर्टलंड शहरात काशाची वीस पाणपोई-कारंजी बसविण्यासाठी दहा हजार डॉलर दिले होते. आपल्या लाकूडतोड्यांना तहान भागवायला गुत्त्यात जावे लागू नये, हा त्यामागचा हेतू सांगतात. ती कारंजी आजही वाहतात. त्याच १९१२ साली ओरेगनात स्त्रियांना मताधिकार मिळाला, १९१४ साली राज्याने दारूबंदीच्या बाजूने कौल दिला, आणि देशभर बंदी येण्याच्या चार वर्षे आधी, १ जानेवारी १९१६ पासून, येथले गुत्ते बंद झाले. रमाबाईंनी अमेरिकेतल्या स्त्रियांच्या ज्या मद्यपाननिषेधक संघटनेविषयी आदराने लिहिले, तिच्यामागे होता तो संसारात पोहोचण्याआधीच गुत्त्यात संपणारा मजुराचा पगार. आज त्याच धबधब्याची छबी मिरवणारी बिअर पिताना हे आठवले तर बिघडत नाही. पिणे आणि न पिणे या दोहोंना तेथे इतिहास आहे, एवढेच कळते.

खाण्याच्या बाबतीत हूड रिव्हरचा अभिमान नाशपातीचा. माउंट हूडच्या पायथ्याशी पस्तीसेक मैलांची एक फेरी आहे, तिला ‘फ्रूट लूप’ म्हणतात. रस्त्याकडेला बागा, फळांची दुकाने, नाशपातीचे पाय आणि सफरचंदाची सायडर. या खोऱ्यातील झाडोरा तोडून जमीन लागवडीखाली आणण्यात जपानहून आलेल्या कुटुंबांचा मोठा वाटा होता. १९४२ साली या कुटुंबांना बागा टाकून छावण्यांत जावे लागले. येथे वाढलेल्या मिनोरू यासुई या तरुण वकिलाने त्याच वर्षी पोर्टलंडमध्ये जपानी वंशीयांवरची संचारबंदी जाणूनबुजून मोडली आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. २०१५ साली त्यांना मरणोत्तर राष्ट्राध्यक्षीय पदक मिळाले. खुद्द गावाने मात्र १९४४ च्या नोव्हेंबरात वेगळेच केले. युद्धावर गेलेल्या गावकऱ्यांच्या सन्मानफलकावरून माजी सैनिकांच्या स्थानिक शाखेने सोळा जपानी अमेरिकी सैनिकांची नावे पुसून टाकली. देशभरातून टीकेचा भडिमार झाल्यावर पुढल्या वर्षी नावे परत लिहिली गेली. तेव्हा ‘स्थानिक’ हा शब्द एकदा या गावातच मतांवर टाकला गेला होता आणि ज्यांनी बागा लावल्या तेच त्यातून वगळले गेले होते. नाशपातीचा पाय खाणाऱ्याला ही गोष्ट सांगितली तर त्याची भूक मरेल, अशी भीती कोणाला वाटते? आमची तरी मेली नाही.

आता धबधबे. पायवाटा नितांतसुंदर आहेत. वाकीनापासून मल्टनोमापर्यंतची पाचेक मैलांची फेरी, हॉर्सटेलच्या वरच्या अंगाचा, ज्याच्या पाठीमागून वाट जाते असा पोनीटेल; यांचे वर्णन सगळीकडे मिळते. मध्येच जळक्या बुंध्यांचे पट्टे लागतात. २ सप्टेंबर २०१७ रोजी पंधरा वर्षांच्या एका मुलाने ईगल क्रीकच्या दरीत धुराची शोभेची दारू फेकली आणि जवळजवळ पन्नास हजार एकर जंगल त्या वणव्याच्या तडाख्यात सापडले. नदी ओलांडून ठिणग्या पलीकडच्या वॉशिंग्टन राज्यात गेल्या. न्यायालयाने २०१८ साली त्या मुलावर साडेतीन कोटी डॉलरहून अधिक भरपाई बसविली. आज त्या बुंध्यांखाली नेचे आणि झुडपे दाटली आहेत. ही हानी डोळ्यांना दिसते, म्हणून तिचा उल्लेख बहुतेक वर्णनांत येतो. जी दिसत नाही तिचा येत नाही.

या नदीवरचा सर्वांत मोठा धबधबा पाहायला कोणी जात नाही. तो द डॅल्सच्या पूर्वेला बारा मैलांवर आहे. आहे असेच म्हटले पाहिजे, कारण तो नाहीसा झालेला नाही, पाण्याखाली आहे. त्याचे नाव सेलिलो. उंचीने तो थोडकाच. पण अख्खी कोलंबिया नदी तेथे कातळांच्या चिंचोळ्या फटींतून कोसळत असे. किमान दहा हजार वर्षे माणसे तेथे मासे धरत होती. कडेला लाकडी माच बांधून, कमरेला दोर लावून, लांब दांड्याच्या जाळीने उडी घेणारा सॅमन टिपायचा. दूरदूरच्या जमाती व्यापारासाठी तेथे जमत. १८५५ च्या करारांत याकामा, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्स आणि नेझ पर्स या जमातींनी आपली अफाट भूमी सोडली, पण नेहमीच्या ठिकाणी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. १० मार्च १९५७ रोजी द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद करण्यात आले. लोक काठावर उभे राहून पाहत होते. काही तासांत धबधबा बुडाला आणि त्याचा आवाज थांबला. चार जमातींना मिळून सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर भरपाई देण्यात आली. २००८ साली सैन्याच्या अभियंता दलाने ध्वनिलहरींनी तळाची पाहणी केली, तेव्हा कातळ खाली जसाच्या तसा असल्याचे दिसून आले.

धरणांनी वीज दिली, शेतीला पाणी दिले, कारखाने चालविले. हे नाकारण्यात अर्थ नाही. १९४१ साली तेथल्या वीजमंडळाने वुडी गथ्री या लोकगायकाला महिनाभर नोकरीस ठेवले आणि त्याने या नदीवर व धरणांवर सव्वीस गाणी रचली. गरिबाच्या घरात दिवा लागेल, या भाबड्या पण प्रामाणिक आनंदाची ती गाणी आहेत. पण दिव्याचे गाणे आहे म्हणून माच आणि जाळी यांची गोष्ट संपत नाही. ती न्यायालयात चालू राहिली. १९६९ साली न्यायाधीश बेलोनी यांनी करारातील जमातींना माशांचा न्याय्य वाटा मिळालाच पाहिजे असा निर्णय दिला. त्या हक्कामुळेच आजही कॅस्केड लॉक्स येथे पुलाजवळ जमातींचे मच्छीमार आपली मासळी रस्त्याकडेला विकतात. बर्फाने भरलेली पेटी, हाताने लिहिलेली पाटी, आणि पेटीत हातभर लांबीचा सॅमन. आम्ही तेथे घेतलेल्या माशाच्या चवीला आम्ही गुण देणार नाही. साऱ्या वाटेवर ‘स्थानिक’ हा शब्द निःशंकपणे लावता येईल असा पदार्थ मात्र तोच होता, आणि त्याच्या पाटीवर तो शब्द लिहिलेला नव्हता.

हे वाचून कोणी म्हणेल, परक्या देशातील पापांची यादी करणे सोपे असते. म्हणून घरचे सांगतो. पावसाळ्यात पुण्याची जोडपी ताम्हिणी घाटात धबधबे पाहायला जातात. वाटेत मुळशीचे जलाशय लागते, त्याच्या काठी विश्रामधामे आहेत, तळलेली भजी आहेत, धुके आहे. या पाण्याखाली मावळातील गावे आणि भातखाचरे आहेत. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी बांधल्या जाणाऱ्या धरणाविरुद्ध १९२१ साली येथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. त्याचे नेतृत्व करणाऱ्या पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी त्या लढ्याने दिली. ताम्हिणीच्या सहलींची वर्णने काढून पाहावीत. भज्यांचा उल्लेख सापडेल, मुळशी सत्याग्रहाचा क्वचितच. तेव्हा हा दोष कोणा एका देशाचा नाही. तो लेखनप्रकाराचा आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आठवडाभर राबणाऱ्या दोन माणसांनी दोन दिवस मोकळे होण्यासाठी घर सोडले, तर त्यांच्या डोक्यावर इतिहासाचे ओझे का टाकावे? प्रत्येक घोटाबरोबर अपराधीपणा गिळावा, असे आमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. अपराधीपणा हीदेखील प्रवाशाची एक चैनच असते. त्याने सेलिलोचे पाणी बोटभरही खाली जात नाही. आम्हांस हवे आहे ते कुतूहल. बिअरमध्ये कोणत्या फुलांचा वास आहे हे जो हौसेने विचारतो, त्याने ती फुले कोणी लावली हेही विचारावे. धबधब्याची उंची जो लिहितो, त्याने त्या पाण्यावर कोणाचा हक्क होता हेही लिहावे. ही चौकशी आनंदाच्या विरुद्ध नाही. आम्हां दोघांत त्या दोन दिवसांत जे बोलणे झाले, वाद झाले, एकाने दुसऱ्याला काही वाचून दाखविले, ते या प्रश्नांमुळेच. सोबतीने प्रवास करण्याचे सुख शेजारी बसून एकाच दिशेला पाहण्यात असतेच. पण पाहिलेल्याविषयी एकमेकांना प्रश्न विचारण्यात ते अधिक असते.

दुसरा आक्षेप लेखनाचा. लहानशा प्रवासलेखात हे सारे मावणार कसे? मावते. वर जे सांगितले त्यातील एकेक गोष्ट एकेका वाक्यात बसते. नाशपातीच्या पायाच्या वर्णनातून दोन विशेषणे काढली की सोळा सैनिकांना जागा मिळते. प्रश्न जागेचा नसून आपण कोणासाठी लिहितो याचा आहे. गुण, भाव आणि वाहनतळ यांची माहिती पुढल्या गिऱ्हाइकासाठी असते. गिऱ्हाइकाला सोय लागते, वाचकाला गोष्ट लागते. मराठीत प्रवासवर्णनाची परंपरा वाचकासाठी लिहिणाऱ्यांची आहे; ती आपण गिऱ्हाइकांच्या हवाली करू नये.

म्हणून जी जोडपी या घळीत जाणार असतील त्यांना आमची विनंती साधी आहे. बिअर प्यावी, चाक धरणाऱ्याने पिऊ नये, धबधबे मनसोक्त पाहावेत. द डॅल्सला पोहोचल्यावर परत न फिरता आणखी बारा मैल पुढे जावे. तेथे सेलिलो नावाचे छोटे गाव आहे. वसंतात त्याच्या सभागृहात वर्षातल्या पहिल्या सॅमनचा उत्सव आजही होतो. हमरस्त्यापलीकडे एक उद्यान आहे आणि समोर संथ, रुंद, सरोवरासारखे पाणी. पाहण्यासारखे काही नाही. तरीही तेथे थोडा वेळ थांबावे, आणि घरी येऊन धबधब्यांची यादी लिहिताना सेलिलोचे नाव तीत घालावे. उंचीच्या रकान्यात काय लिहायचे ते प्रत्येकाने ठरवावे. पण ओळ कोरी सोडू नये.